आप्पांनी बंद केलेल्या खिडक्या

"भाऊ, आप्पा उठंना गेलेत. भट्टी चालू हाय."

फोनवर लातूरजवळच्या मुरुडची वैशाली होती. मी नांदेडला माझ्या दुकानात एका गिऱ्हाईकाला माती कापायची तार दाखवत होतो. ती हातात तशीच राहिली.

"तू कुठं आहेस?"

"दारात. बाजारातून आत्ता आले. आप्पा आत पडलेत."

"आधी बाहेरचा सिलिंडर बंद कर. दार सताड उघड. श्वास रोखून आत जा आणि त्यांना बाहेर ओढ. आत थांबू नकोस. शेजाऱ्यांना हाक मार. खिडक्या उघड्याच आहेत ना?"

"न्हाई भाऊ. समद्या बंद हायेत."

काय झालंय ते मला तिथंच कळलं.

घरी मातीकाम करणाऱ्यांना लागणारं सामान मी पुरवतो. विजेवर फिरणारं चाक, स्पंज, कोरायची हत्यारं, भट्टी. आणि ग्लेझ, म्हणजे भांड्याला काचेसारखी चकाकी देणारा लेप. लोकांचा सगळा जीव चाकात असतो. चाक कोणत्या कंपनीचं, किती वेगानं फिरतं, विचारून भंडावून सोडतात. भट्टी कुठल्या खोलीत ठेवायची हे मात्र कुणी विचारत नाही. मग मीच विचारतो. गॅसच्या भट्टीत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, माणूस जरा टेकतो आणि तसाच राहतो. म्हणून समोरासमोर खिडक्या हव्यात आणि धूर-वाफ बाहेर फेकणारा पंखा हवा. वैशालीच्या खोलीत दोन्ही होतं. पंखा मीच बसवला होता.

घर कुंभाराचं. वैशालीला कप, बशा, चकाकीची भांडी करायची होती. तिच्या वडिलांनी, आप्पांनी, जन्मभर परसात उघड्यावर भट्टी लावली. मडकी रचायची, गोवऱ्या आणि भुसा घालायचा, वरून राखेनं झाकायचं. या भट्टीचा वैरी म्हणजे वारा. एका अंगानं वारा लागला की त्या बाजूची मडकी तडकतात. आप्पा वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधत, फटींना ओलं गोणपाट लावत आणि भट्टी विझेपर्यंत तिथून हलत नसत. या कामात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता.

भट्टी बसवली त्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "आप्पा, ही पेटली की खिडक्या उघड्या आणि पंखा चालू. काही झालं तरी बंद करायचं नाही."

"वारा लागंल की, साहेब."

"ही बंद पेटी आहे. आतल्या मालाला खोलीतला वारा लागत नाही. पण तुम्हाला लागला पाहिजे. नाहीतर गुदमराल."

"भट्टी ती भट्टी," आप्पा हसले. "आमी काय आजच माती भाजाय लागलो का?"

मी जरा चढ्या आवाजात पुन्हा सांगितलं. वैशालीनं मान डोलावली. आप्पांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

पहिल्याच भाजणीत दोन कप तडकले. बुडं जाड होती, आत ओल राहिली होती. वैशालीनं फोनवर विचारलं तेव्हा मी तिला तसं सांगितलंही. आप्पा तडकलेले कप हातात घेऊन खिडकीकडं बघत होते, असं ती म्हणाली. पुढच्या खेपेला भट्टी पेटवून, ज्योतीकडं लक्ष ठेवा म्हणून सांगून ती बाजाराला गेली.

मी मुरुडला पोचलो तोवर लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आप्पा गेल्याचं सांगितलं होतं. घरी पोलीस ठाण्याचे जमादार माझीच वाट बघत होते.

"भट्टी तुमची?"

"हो."

"काय बिघाड होता?"

"बघू द्या."

नळी बघितली, बर्नर बघितला, कॉक बघितला. कुठं गळती नव्हती. मग खोली बघितली. खिडक्यांना आतून कड्या. फटीत चिंध्या कोंबलेल्या. पंख्याचं बटण बंद. दाराच्या कडेला ओल्या गोणपाटाची नीट केलेली घडी पडली होती, वैशालीनं दार ढकलताना सरकलेली.

जमादारांनी आवाज खाली आणला. "समदं आतून बंद करून घेतलंय. म्हातारबांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं का? घरात कायी कटकट?"

वैशाली दाराशी होती. तिनं ऐकलं. तिचा चेहरा मला बघवला नाही.

"नाही," मी म्हणालो. "भांडी तडकू नयेत म्हणून केलंय."

मी जमादारांना परसात नेलं. जुन्या भट्टीची जागा दाखवली, वाऱ्याच्या अंगाला गुंडाळून ठेवलेली ताडपत्री दाखवली, कडेची गोणपाटं दाखवली. वारा आणि मडकी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे लेकीच्या कपासाठी?"

"हो."

त्यांनी अपघात लिहिलं. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

दहावं झाल्यावर वैशालीनं बोलावलं. भट्टी तशीच बंद होती. उघडायला तिला कुणीतरी सोबत हवं होतं. मी भट्टीचं दार उघडलं. तिनं एकेक कप बाहेर काढला, नखानं वाजवून बघितला. सगळे खणखणीत. एकही तडकला नव्हता. शेवटचा कप हातात घेऊन ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

"भट्टी परत नेऊ का?" मी विचारलं.

"न्हाई. खिडक्याची दारं काढून न्या."

मी पाना घेऊन खिडक्यांची सगळी दारं उतरवली, जाळी ठोकली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला आणि दारं टेम्पोत टाकून नांदेडला आणली. आता गॅसची भट्टी बसवायच्या आधी मी कुणाच्याही खोलीची हीच गत करतो. लोक कुरकुरतात. धूळ येईल म्हणतात, पाऊस येईल म्हणतात. मी म्हणतो, येऊ द्या. नुसतं सांगणं मी सोडून दिलंय. पाना सांगण्यापेक्षा बरा.

परवा वैशालीचा फोन आला होता. ग्लेझ संपलंय, पाठवा म्हणाली. ठेवता ठेवता म्हणाली, "या बारीला तीन तडकले, भाऊ."

"बुडं वाळली नसतील," मी म्हणालो.

"आसंल. आप्पा आसते तर वाऱ्याला शिव्या दिल्या आसत्या." मग लगेच म्हणाली, "तडकू द्या. खिडक्या उघड्या हायेत."