आईचा रिपोर्ट

भावाला हार्ट अटॅक आला तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. अंगाने सडसडीत, कसलंही व्यसन नाही, रोज सकाळी तासभर चालणारा. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात छातीत दुखायला लागलं, तर ॲसिडिटी समजून गोळी घेऊन बसला. शेवटी सहकाऱ्यांनी जबरदस्तीने गाडीत घातलं. दोन स्टेंट टाकाव्या लागल्या, पण वाचला.

ऑफिसातर्फे दरवर्षी त्याची तपासणी व्हायची आणि कोलेस्टेरॉल कायम नॉर्मल यायचं. मग हे झालं कसं? डॉक्टरांनी रक्ताची आणखी एक तपासणी सांगितली, लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारी कोलेस्टेरॉलसारखीच एक चरबी. नेहमीच्या तपासणीत ती नसते. त्याचं लिपोप्रोटीन-ए खूपच वाढलेलं निघालं.

"हे खाण्यापिण्याने होत नाही," डॉक्टर म्हणाले. "आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. घरातल्यांनीही एकदा तपासून घ्या."

माझा रिपोर्ट नॉर्मल आला. बाबा जाऊन बारा वर्षं झालेली. राहिली आई. ती माझ्याकडे डोंबिवलीला असते. रक्त दिल्यापासून दोन दिवस तिचं एकच चाललं होतं, "माझ्यातलं काही त्याला गेलं असेल का गं?"

रिपोर्ट माझ्या फोनवर आला. आकडा भावापेक्षाही जास्त होता. आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"काय आलं?"

"नॉर्मल," मी म्हणाले.

तिने खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले. "म्हणजे ह्यांच्याकडचं."

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. त्यांनी दिलेली गोळी वयामुळे आहे, असं आईला पटवलं. मला वाटलं, मिटलं. पण आईने ठाण्याला काकांना फोन लावला. काका घाबरले. त्यांनी स्वतःची आणि दोन्ही मुलांची तपासणी करून घेतली. सगळं नॉर्मल. उगाच घाबरवलं म्हणून काकू मात्र आईवर रुसल्या.

एका रविवारी कल्याणची मावशी आली. आईची सख्खी धाकटी बहीण. बोलता बोलता म्हणाली, "थोरल्याला हल्ली जिना चढला की दम लागतो. वजन वाढलंय, दुसरं काय!" मी तिच्यापुढे चहा ठेवला. बोलायचं होतं, पण आई समोरच बसली होती. मावशी गेली, तशी तिच्या मुलालाही हेच असेल तर, या विचाराने मला दारातच भीती वाटायला लागली.

"आई, तुझा रिपोर्ट नॉर्मल नव्हता."

"कधीपासून माहितीये तुला?"

"दीड महिना झाला."

"आणि आत्ता ती एवढं सांगत होती, तरी गप्प बसलीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"माझं मी बघितलं असतं गं! त्याचं काय?"

मावशी अजून रिक्षातच असेल. आईने स्वतः फोन लावला. "घरी पोचलीस की आधी थोरल्याला डॉक्टरकडे ने. वजनाचं नाहीये ते. माझ्यात निघालंय, म्हणजे आपल्या माहेरचं आहे." आवाज जराही कापला नाही. फोन ठेवल्यावर मात्र ती आतल्या खोलीत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मावसभावाचं लिपोप्रोटीन-ए वाढलेलंच निघालं. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली दिसली. अटॅक यायच्या आत उपचार झाले. आईची तपासणी मी करून घेतली म्हणून मावशी माझेच आभार मानत होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

भावाला आईने स्वतः सांगितलं, मी तिथेच होते. तो हसला. "अगं, नाकही तुझंच घेतलंय मी. त्याचं कधी वाईट वाटलं का तुला?"

ती हसली नाही. "तुझ्या पोरीची तपासणी कधी करायची, ते विचारलंस का डॉक्टरांना?" ती म्हणाली.

त्याने विचारलं नव्हतं.