पाहुण्यांच्या तोंडातली बिडी

माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची, जमत आलेली सोयरीक बिडीवरच्या करामुळे मोडली, असं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो. आता खरं सांगतो. ती माझ्यामुळे मोडली.

झालं असं, की त्या वर्षीच्या बजेटात बिडी-सिगारेट महागल्याचं रेडिओवर ऐकलं आणि मला एकदम चेव आला. सरकारने नुसता कर वाढवला, मी घरात बंदीच घातली! आमचे वडील, नाना, जन्मभर सुरतेत कापडाचे लूम चालवून कानाने अधू झालेले. मी ओरडून ओरडून त्यांना नवा कायदा ऐकवला. ते शांतपणे आमच्या अहिराणीत म्हणाले, "सरकार पैसा लेस, पन बिडी पिऊ देस. तू तं फुकटमा बंद करस." तरी सुनंदाला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून त्यांनी शब्द दिला, की पाहुणे जाईपर्यंत बिडी पेटवणार नाही.

पाहुणे सुरतेतल्याच कतारगामहून आले. मुलगा कामाचा आणि देखणा. चहा देताना सुनंदा चक्क लाजली (आमची सुनंदा!). मी छाती काढून सांगितलं, की आमच्या घरात सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. तेवढ्यात नानांनी दोन बोटं ओठांशी नेली. लूमच्या कारखान्यात खडखडाटात काही ऐकू येत नाही, सगळं खुणांनी बोलतात. ही खूण म्हणजे 'बिडी प्यायला येतोस का?' मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी डोळे वटारले. पण नानांनी मुलाच्या वडिलांची चुळबूळ ओळखली होती, आणि ते गृहस्थही जुने लूमवालेच! दोघं हवा खायला म्हणून बाहेर पडले.

पाच मिनिटांनी मी मागोमाग गेलो. पाण्याच्या टाकीआड दोन पांढऱ्या टोप्या पाठमोऱ्या बसलेल्या, आणि एकीपुढून धूर निघतोय. मी मागून झडप घातली, तोंडातली बिडी हिसकावली, गटारात फेकली (बोट भाजलं ते वेगळंच) आणि ओरडलो, "लाज नाही वाटत? पोरीचं लग्न मोडायचंय का?"

टोपी वळली. मुलाचे वडील होते. शेजारी नाना, त्यांच्या हातातही बिडी, पण न पेटवलेली. मला दिलेला शब्द पाळून ते पाहुण्यांना नुसती सोबत करत होते.

"पोरगी तुमची चांगली आहे, भाऊ," मुलाचे वडील उठत म्हणाले. "पण माझ्या तोंडातली बिडी काढायचा हक्क मी माझ्या बायकोलासुद्धा दिलेला नाही."

मी हात जोडले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, काही उपयोग झाला नाही. सुनंदाने नवी साडी घडी करून पेटीत ठेवली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. नाना मात्र एका शब्दानेही रागावले नाहीत. ते मला अजून लागतं.

राखीला तिने कसंबसं ओवाळलं. मी खजील होऊन विचारलं, ओवाळणीत काय देऊ?

"पुढचे पाहुणे येतील, त्या दिवशी तू कामावर जा."

गेलो. लग्न अर्ध्या तासात जमलं!