बंधाऱ्याचं गाऱ्हाणं

नव्या ताडपत्रीचा वास आला की समुद्रकाठचं तोंडवली गाव आठवतं. मंत्र्यांचा सल्लागार असताना मीच त्यांच्या तिथल्या भाषणात देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं घुसवलं होतं: ‘बा देवा महाराजा, हय बंधारो होवंदे!’ अख्खा मांडव ‘व्हय महाराजा’ म्हणून गरजला होता. बंधारा काही झाला नाही. पुढे राजकारण सोडून मी संस्था काढली आणि उधाणात घरं गेलेल्यांना ताडपत्र्या वाटायला तिथेच गेलो. एक म्हातारी नारळ पुढे करत म्हणाली, “सायबानू, आता तुमीच गाऱ्हाणा घाला, बंधारो होवंदे म्हणान.” मला दुसरे शब्द सुचेनात, तेच म्हटले. ‘व्हय महाराजा!’ लोक तितक्याच विश्वासाने गरजले. अजूनही नवी ताडपत्री उलगडायला मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो.