अर्धा दगड राखून ठेवणारे सर

प्रा. दिगंबर वाघोलीकर सरांची आणि माझी पहिली भेट जयपूरजवळच्या सांगानेरला झाली. तिथल्या एका छपाईच्या कारखान्यात मी कापड अंथरण्याचे काम करत होतो. लांब टेबलावर पसरलेले कापड बोटभर सरकवायचे तर ते सगळे ओढावे लागत नाही. एका टोकाला लहानशी घडी उचलायची आणि तळहाताने ती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत न्यायची. घडी बाहेर पडली की सगळे कापड तेवढे सरकलेले असते. सर काकूंबरोबर चादरी घ्यायला आले होते. चादरी राहिल्या बाजूला. ते माझ्या टेबलाशी थांबले आणि मला पुन्हा पुन्हा तेच करायला लावले. मग काकूंना म्हणाले, “बघ, गारगोटी अगदी अशीच सरकते.”

मी मराठीत विचारले, “काय सरकते?”

काकू म्हणाल्या, “झालं. आता चादरी पुढच्या रविवारी.”

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. त्याच्या स्फटिकात अणूंचे थर शिस्तीत रचलेले असतात. एक आख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायला प्रचंड जोर लागतो. पण रचनेत कुठे एखादी ओळ अर्धीच शिरलेली असेल, तर ती खोट त्या घडीसारखी पुढे पुढे जाते आणि स्फटिक न तुटता किंचित सरकतो. अशा असंख्य घड्या सरकल्या की दगडातले कण लांबट आणि तिरपे होतात. त्याला जमिनीखालची उष्णता, थोडे पाणी आणि फार मोठा काळ लागतो. सरांनी सगळे आयुष्य अरवलीच्या दगडांतले हे तिरपे कण पाहण्यात घालवले आहे. कण कोणीकडे कलले आहेत, यावरून डोंगराचा कोणता भाग कोणीकडे सरकला हे त्यांना कळते.

माझे शिक्षण अकरावीला थांबले. पुढे विद्यापीठात सरांच्या भूशास्त्र विभागात दगडाचे पातळ काप करणारा माणूस हवा होता, तेव्हा त्यांनी मला बोलावले. सर निवृत्त झाले होते, तरी तिलक नगरच्या घरून नेमाने येत. दगडाचा तुकडा काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईपर्यंत घासायचा, हे त्यांनी शेजारी बसून शिकवले. पहिल्या दिवसापासून ते मला ‘अहो’ म्हणतात. मी दगडावरची दिशेची प्रत्येक खूण पुन्हा पुन्हा तपासतो, हे पाहून त्यांनी एकदा विचारले, घराला कुलूप लावल्यावर परत जाऊन ओढून बघता का? मी म्हणालो, दोनदा. सर म्हणाले, “मी तीनदा.”

त्यांचा एक नियम कडक आहे. दगड पूर्ण कापायचा नाही. अर्धा, डोंगरात तो कोणत्या दिशेला होता हे दाखवणाऱ्या बाणासह, राखून ठेवायचा. जागा अडते अशी तक्रार झाली, तेव्हा सरांनी घरचे लोखंडी कपाट विभागात आणून ठेवले. काकूंच्या साड्या तेव्हापासून ट्रंकेत आहेत.

त्या कपाटाचे मोल मला विभागातल्या संशोधक विद्यार्थिनी कविता राठौड यांच्या प्रबंधाच्या वेळी कळले. डोंगराच्या एका पट्ट्यातल्या दगडांत त्यांना कणांचा कल सरांच्या जुन्या लेखाच्या नेमका उलट दिसला. चर्चासत्रात बाहेरून आलेले एक प्राध्यापक म्हणाले, काप उलट्या बाजूने चिकटवले असतील. तसे झाले तर आरशात दिसावा तसा कल फिरतो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. कविताजींचा प्रबंध त्यावर उभा होता, आणि माझा करार त्याच महिन्यात संपत होता. त्यांनी बाहेर येऊन हळूच विचारले, “भैया, उल्टा तो नहीं चिपका ना?” मी नाही म्हणालो. पण संध्याकाळपर्यंत माझी माझ्यावरच खात्री उरली नाही.

सरांनी वाद थांबवला. “अर्धा दगड शिल्लक आहे, त्याला विचारू,” एवढेच म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतः दगड धरला, प्रत्येक तुकड्यावर स्वतः खूण केली आणि माझ्याकडून नवे काप करून घेतले. कल तोच निघाला. मग सर स्वतःच म्हणाले, दगडावरचा बाणच चुकला असेल. काठी घेऊन आमच्याबरोबर डोंगरावर आले, आपल्या हाताने बाण काढून नवा दगड आणला. त्याचाही कल तोच.

पुढच्या चर्चासत्रात सर उभे राहिले. “या पट्ट्यापुरता माझा लेख चुकला आहे. कविताचं बरोबर आहे, आणि काप यांनी नीट केले होते.” पाहुण्या प्राध्यापकांनी विचारले, मग तेव्हा चूक कशी झाली? सर म्हणाले, “ते आता सांगता येणार नाही. तेव्हा मी दगड पूर्ण कापून टाकला होता.”

कविताजींना पदवी मिळाली. माझा करार वाढला. सरांचा नियम कुठून आला, हे मला त्या दिवशी समजले.

या महिन्यात सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. कपाटात अजून पुष्कळ अर्धे दगड पडून आहेत. त्यांतल्या कित्येकांवर सरांची स्वतःची जुनी मते उभी आहेत. सर म्हणतात, सवडीने एकेक पुन्हा बघू. ते सगळे बघून होईपर्यंत त्यांची नजर तीक्ष्ण राहो, गुडघे डोंगर चढत राहोत आणि काकूंची साथ लाभो. काप करायला मी आहे. घाई आम्हा दोघांनाही नाही.