नागक्काची तिण्णै

कुंभकोणाहून लग्न होऊन मी तंजावुरात आले, ती राजवाड्यामागच्या गल्लीत. माझ्या थोरल्या जावेचं नाव नागलक्ष्मी, पण साऱ्या गल्लीची ती नागक्का. कोणाकडे बाळंतीण असो की तापकरी, रसमचं भांडं पदराआड धरून नागक्का निघालीच, आणि वाटेनं गुणगुणणं चालू. तिचे वडील कीर्तनकार. मुलीला चारचौघांत उभं करायचा प्रश्नच नव्हता. पण ते घरी तालीम करत तेव्हा झांज हिच्या हाती असे. ऐकून ऐकून ती सगळं शिकली.

"तुज गाता येतं का ग, वत्सला?" तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं.

"बेताचं."

"बेताचं गाणाऱ्या पुष्कळ आहोत. ये, बस."

एकोणीसशे चोवीस साली आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, कावेरीचे बांध फुटले. नदीकाठच्या गावांतून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन गावात येऊ लागली. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या मंडपात नागक्कानं चुली मांडल्या. आमचे सासरे, सीतारामराव, सोवळ्याओवळ्याचे फार कडक. आम्हां दोघींना वाटलं, आता रागावणार. पण मामंजींनी स्वतः कोठीचं दार उघडलं. म्हणाले, "ओरत्तनाडूच्या शेतातला तांदूळ आहे. न्या. आधी पोट."

त्या मंडपात अलमेलु आली. साठीची बाई. एकेकाळी देवळात नाचायची, तिची आई राजवाड्यात, मराठा राजांपुढे. आता तिला कोणी बोलावत नसे. उलट लोक वाट सोडून चालत. ती न बोलावता आली नि तांदूळ धुवायला बसली. संध्याकाळी एक पोर रडून रडून निळं पडलं, तेव्हा तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि गायला लागली: "दिवा मंद झाला, सकये, वाट किती पाहू..."

नागक्काच्या हातातला डाव भातातच राहिला.

"हे तर मराठी!" ती तमिळमध्ये म्हणाली.

"असेल," अलमेलु म्हणाली. "आईनं शिकवलं. अशी पुष्कळ आहेत. अर्थ तिलाही पुरता ठाऊक नव्हता."

नागक्कानं तिथंच तिला अर्थ सांगितला. दिवा विझत आलाय, ती मैत्रिणीला विचारते आहे, अजून किती वाट पाहू. अलमेलु बराच वेळ पोराला थोपटत राहिली.

"म्हणजे तो आलेलाच नाही?" ती म्हणाली. "तो येऊन गेला, असं समजून मी जन्मभर यावर नाचले."

पाणी ओसरलं, माणसं आपापल्या गावी गेली. नागक्का मात्र अलमेलूच्या घरी जाऊ लागली. ती पदं शिकायची, आणि त्यांतला शब्द न् शब्द उलगडून सांगायची. 'सखये'तला ख काही अलमेलूच्या तमिळ जिभेवर बसेना. नागक्कानं तो नाद सोडला.

नवरात्र आलं. घरोघर कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या. नागक्का मामंजींपुढे उभी राहिली. "आमच्या कोलूपुढे अलमेलु गाणार आहे."

"मंडपात तिच्या बरोबरीनं भात वाढलास, मी अडवलं नाही," मामंजी म्हणाले. "पण घरात तिचं गाणं? नाही."

"सरस्वतीपुढे कोणाचं गाणं चालत नाही, तेवढं मज सांगा."

मामंजी तडक शेतावर निघून गेले. भावोजी, नागक्काचे यजमान, हळूच एवढंच म्हणाले, "घरात नको म्हणाले ना ते? तिण्णै आहे की."

तिण्णै म्हणजे दारालगतचा ओटा. तो धड घरातही नाही, धड रस्त्यावरही नाही. त्या संध्याकाळी कोलूकडचं दार उघडं टाकून नागक्का नि अलमेलु तिथं गायला बसल्या. गल्लीतली एकही बाई हळदीकुंकवाला आली नाही. प्रसादाच्या सुंडलचं, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचं, पातेलं भरलेलं तसंच राहिलं. मला रडू फुटलं. नागक्का म्हणाली, "रडतेस काय? खिडक्या बघ." खिडक्या साऱ्या उघड्या होत्या.

सरस्वतीपूजेला मामंजींना पोथ्यांची पूजा करायची होती, म्हणून ते परतले. गाडीतून उतरले तेव्हा गाणं चालू होतं. मामंजी पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे राहिले. पद संपलं.

"सकये नव्हे," ते म्हणाले. "सखये. ख, खडीसाखरेतला."

अलमेलूनं पुन्हा म्हटलं, "सकये."

"ख!"

"क."

नागक्काला हसू आवरेना, मग अलमेलूलाही. मामंजी टेकले, उपरण्यानं वारा घेत म्हणाले, "माझी आई म्हणायची हे. पुढचं कडवं येतं का?"

सीतारामराव बसले म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी बायका आल्या. मग दर शुक्रवारी तिण्णैवर गाणं ठरूनच गेलं. आमच्या पोरींना देवनागरी वाचता येत नसे, बोलण्यात निम्मं तमिळ. त्या पदांतूनच जुनं मराठी शिकल्या. पण अलमेलूला मामंजींनी उंबऱ्याच्या आत कधी बोलावलं नाही. ती वारली, तेव्हा नागक्का तिच्या घरी जाऊन दिवसभर बसून राहिली. परतल्यावर मला म्हणाली, "एकदा तरी हात धरून तिला कोलूपुढे नेऊन बसवायचं होतं ग. मीच भ्याले." तिला भ्यालेली मी कधी पाहिली नव्हती.

लढाईच्या वर्षांत तांदूळ मिळेना, सुंडल चिमूटभर झालं, तरी शुक्रवार चुकला नाही. चव्वेचाळीस साली तापानं नागक्का गेली. शेवटी शेवटी तिला सूर लागत नसे. ओठ हलायचे, आणि बोटं पांघरुणावर ताल धरायची.

पुढच्या शुक्रवारी कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. तरी तिण्णै भरली. सुरुवात कोणी करीना. शेवटी मीच केली, बेताच्याच आवाजात. दुसऱ्या ओळीला शेजारची जयलक्ष्मी मिळाली, मग सगळ्या. रोज संध्याकाळी जाईची फुलं विकत येणाऱ्या बाईनं टोपली खाली ठेवली आणि पद संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.