कोटातले बाबा

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी जर्मनीहून अकोल्याला पोचले. जुन्या शहरातल्या आमच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती, आणि भिंतीवर हार घातलेले बाबा होते. निळा कोट, लाल टाय, मागे धबधबा. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. फोटो स्टुडिओवाल्यानं आधार कार्डावरचा चेहरा उचलून कुणाच्या तरी धडावर बसवला होता, तोही जरा वाकडाच.

मला संताप आला. मी चित्रकार, दहा वर्षं परदेशात 'माझी माणसं, माझी माती' करत चित्रं रंगवतेय, आणि माझ्याच बापाचं हे असं! आईला म्हणाले, "हे काय लावून ठेवलं? मी काढते नीट चित्र."

"काढ नं. मी कुठी नाही म्हनून राहिली?" आई म्हणाली.

परत जाऊन सात महिने तेच एक चित्र केलं. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते, सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या मशीनवर. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा दिसायचे तसे काढले. विटकं बनियन, आणि भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर बारीक बारीक कापूस. त्या कापसासाठी डोळे फोडून घेतले मी. तिथल्या प्रदर्शनात लोक त्या चित्रासमोर थांबायचे, एक म्हातारी तर रडली. मी ऐटीत सांगायचे, हे माझे बाबा, हा आमचा कापूस. 'तू कुठली?' असं त्या देशात मला रोज कुणीतरी विचारतं. पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर आहे असं वाटलं.

पहिल्या स्मृतिदिनाला चित्र गुंडाळी करून आणलं, अकोल्यातच फ्रेम करून घेतलं. कोटवाला फोटो मी स्वतःच्या हातानं उतरवला आणि त्याच खिळ्यावर ते टांगलं.

आई जवळ गेली. पदराला हात पुसून तिनं बाबांच्या भुवईवर बोट फिरवलं. काढून टाकायला बघत होती.

"हे काय होय?"

"कापूस."

तिनं बोट मागे घेतलं. मग म्हणाली, "जिनिंगच्या नळावर आंगोळ केल्याशिवाय ते गल्लीत आले नाहीत कधी. दुपट्ट्यानं कान पुसून पुसून लाल करत. जनमभर झटकला त्याइनं तो कापूस. अन् तू तो पुन्हा चिकटवून देला, बाई."

"पण आई, ते तसेच दिसायचे."

"तुले दिसत होते. त्याइले कसं दिसाव वाटे, थे इचारलं होतं का तू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. तिनं कोटातले बाबा पुन्हा जागेवर लावले आणि हार सरळ केला. आमच्या वस्तीत कोट म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घरोघरी निळ्या कोटातली एक तसबीर आधीपासून आहे. मला मात्र ते आईनं समजावून सांगावं लागलं. जर्मनीत उपरं वाटायची सवय झाली होती मला. त्या दुपारी आईच्या घरात उपरं वाटलं, आणि ते अजूनही सोसत नाही.

गेल्या महिन्यात आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. हिरवा शालू, गळ्यात तिच्याकडे कधीच नव्हता तसला भरगच्च हार, मागे गुलाबांची बाग. कुणाच्या लग्नात नटली म्हणून मी कौतुकानं फोन केला.

"लग्न कायचं? स्टुडिओवाल्याकून करून आनला. मी गेली का हाच लावजा."

मी तो फोटो पुन्हा उघडून पाहिला. मग मला लागू नये म्हणून असेल, आई अगदी हळू म्हणाली, "तू नोको काढू, बाई."

मी बरं म्हणाले.