बंद इंजिनाचा उतार

धायरीत आमची रोपवाटिका आहे. माझे मिस्टर होते तोवर माल आणायचं काम त्यांचं, विकायचं माझं. घाटापलीकडच्या मोठ्या नर्सऱ्यांतून ते डिझेल पिकअप भरून रोपं आणत, कधी शेणखताची पोती. जुना कात्रजचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूचा उतार लागला, की गाडी न्यूट्रल करून किल्ली फिरवत. इंजिन बंद.

"उताराला डिझेल कशाला पाजायचं?" म्हणत.

मी पुष्कळदा शेजारी असे. धडधडाट एकदम थांबायचा आणि मागच्या रोपांची पानं ऐकू यायची. मग वारा, टायरची घरघर. मला ते आवडायचंसुद्धा.

एका दुपारी ते एकटेच होते, मागे ओल्या खताची पोती. इंजिन बंद असलं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, हे मला नंतर कळलं. वळणावरचा कठडा तोडून गाडी खाली गेली. चौकीतले हवालदार वयस्कर होते. मान खाली घालून म्हणाले, "ताई, गाडी बंद पडली नव्हती. बंद केलेली होती."

पुढे बरीच वर्षं मी भाड्याच्या टेम्पोवर भागवलं. मुलगी शिकली, आयटीत लागली आणि म्हणाली, आता आपली गाडी घेऊ. तिला पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड पिकअप हवी होती. शोरूममधल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "तशी परदेशात मिळते. इथे आली की आम्ही पाटी लावूच."

शेवटी तिने मागच्या सीटा दुमडता येतील अशी मोठी हायब्रिड गाडी पसंत केली. त्यावरून आमचा बरेच दिवस वाद चालला. मी म्हणायची, उघडा हौदा नाही, उंच झाडं आडवी घालावी लागतील, आणि खताचा वास आयुष्यभर जाणार नाही. ती म्हणायची, आपल्या बहुतेक खेपा गावातच असतात. सिंहगड रोडला तासभर रखडताना साधी गाडी पेट्रोल पीत बसते, ही बॅटरीवर सरकते. हायवेला मात्र एवढा फायदा नाही, आणि वजन भरलं की आणखी कमी, हे तिनेही कबूल केलं. अखेर ठरलं, रोपं गाडीतून आणि खत टेम्पोतून.

बिबवेवाडीला कुंड्या पोचवताना सिग्नलला इंजिन गप्प व्हायचं. तेव्हा मला काही वाटलं नाही. आजूबाजूच्या हॉर्नमध्ये कोण गप्प झालं ते कळतच नाही.

मग पहिल्यांदा घाटापलीकडे गेलो. परतताना नव्या बोगद्याशी रांग लागली होती, म्हणून मुलीने गाडी जुन्या घाटाने घातली. बोगदा संपला, उतार लागला आणि इंजिन थांबलं. कोणी कशाला हातही लावला नव्हता. मागे पानं सळसळली.

"चालू कर," मी म्हणाले.

"आई, चालूच आहे."

"इंजिन चालू कर."

"ते गाडी ठरवते. उताराला इंजिन लागत नाही, उलट बॅटरी भरते. हा बघ ब्रेक." तिने पाय टेकवला, गाडी मऊपणे थांबली. "बाबा करायचे तेच आहे. फक्त ब्रेक शाबूत ठेवून."

तिला बाबा नीट आठवतही नाहीत, तरी डावा हात गियरच्या मुठीवर अगदी त्यांच्यासारखा सैल ठेवला होता. मी मागे वळून पाहिलं. रोपंच होती. दोन वळणं गेली आणि इंजिन आपणहून मोठ्याने घुमायला लागलं. बॅटरी भरली, आता पेट्रोल न जाळता नुसतं गाडीला रोखायला फिरतंय, असं तिने समजावलं. मला ते उशिरा जाग आलेल्या माणसासारखं वाटलं. कात्रजला पोचलो तेव्हा माझे दोन्ही पाय पुढे रेटलेले होते, आणि ते सैल पडायला वेळ लागला.

पुढच्या खेपेपासून नव्या बोगद्याने जाऊ, असं ती म्हणाली. मीच नको म्हटलं. त्या शांततेची भीती वाटते हे खरं. पण मिस्टर शेजारी असल्यासारखं दुसरीकडे कुठेच वाटत नाही.

गेल्या महिन्यात तिने एका वळणावर गाडी कडेला घेतली आणि पहिल्यांदाच विचारलं, "इथेच का?"

मी कठड्याचा नव्याने बांधलेला भाग दाखवला. आम्ही खाली उतरून उभ्या होतो, तेवढ्यात वरून पोत्यांनी भरलेला एक टेम्पो आला. नुसता टायरचा आवाज. मुलगी ओरडली, "अहो, गियरमध्ये घ्या." ड्रायव्हरने ओळखीच्या कोणी हाक मारल्यासारखा हात दाखवला आणि वळणाआड गेला.

आम्ही कान देऊन उभ्या राहिलो. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला नाही. दुसराही कुठला आला नाही.

"गेला असेल पुढे," मुलगी म्हणाली.

मग गाडीत बसलो आणि सावकाश खाली निघालो, प्रत्येक वळणावर कठड्यापलीकडे बघत.